स्टेशनजवळचं ते पिवळं हॉटेल नेमकं कधी सुरू झालं होतं?

पैठणगेटचा पाहुणा

मंडळी नमस्कार. दोन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी मामेभावाला गाडीत बसवून स्टेशनबाहेर आलो आणि सवयीनं उजवीकडे बघितलं, तर पिवळ्या हॉटेलची पाटी उतरवलेली. दारावर पत्रा ठोकलेला. बाजूच्या बोळातून दोघं जण शहाबादी फरश्या उपटून टेम्पोत रचत होते. एक फरशी फुटली तर मुकादम असा ओरडला, जशी काय त्याच्या घरातली होती.

औरंगाबादेत (ज्यांना संभाजीनगर वाचायचंय त्यांनी तसं वाचावं, त्यावरून इथं जुंपू नये ही हात जोडून विनंती) वाढलेल्या प्रत्येकाला ही इमारत ठाऊक आहे. दोन मजले, बावीस खोल्या, पुढे लाकडी कठड्याचा व्हरांडा, खाली चहा-फराळाचं दुकान. नाव मुद्दाम लिहीत नाही. वारसांचं प्रकरण कोर्टात आहे म्हणतात, उगाच कुणाला त्रास नको.

माझा प्रश्न साधा आहे. पाटीवर 'स्थापना १९५८' असं रंगवलेलं होतं. पण आमचे वडील गंगापूरहून मॅट्रिकच्या परीक्षेला आले ते १९५४ ला, आणि पहिल्या पेपरच्या आधी याच हॉटेलात चहा प्यायल्याचं शेवटपर्यंत सांगायचे. एक तर पाटी चुकतेय नाहीतर वडील. वडील आता नाहीत, पाटीही गेली. कुणाला काही माहीत आहे का? आणि बंद का पडलं, तेही.

अवांतरानंद

पहिला! (आता धागा वाचतो.)

खडकीकर

अरेरे. वाईट वाटलं. आमच्या लहानपणी महिन्याच्या पहिल्या तारखेला वडील आम्हा तिघा भावंडांना तिथं न्यायचे. पुरीभाजी एक प्लेट तिघांत, आणि वडिलांना कडक चहा. भाजीत बटाटा कमी, रस्सा जास्त. वाढणारा पोऱ्या पुरी टाकायचा तेव्हा ती ताटलीत एकदा फिरायची. घरी आईच्या पुऱ्या उत्तम व्हायच्या, पण फिरायच्या नाहीत.

स्थापनेचं नक्की माहीत नाही. १९५८ बरोबर असावं, कारण त्याच वर्षी ऑगस्टात आपलं मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. बाहेरगावची माणसं गावात येऊ लागली तर हॉटेल निघणारच.

मीटरगेज

खडकीकर, विद्यापीठाचं ठीक, पण स्टेशनासमोरच्या हॉटेलाचा जीव रेल्वेत असतो. आयडीवरून ओळखलंच असेल, थोडं लांबण लावतो.

आपली मनमाड-सिकंदराबाद लाईन निजामाच्या काळातली, १९०० च्या आसपासची, आणि मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची. मुंबईहून येणारा माणूस मनमाडपर्यंत मोठ्या गाडीनं यायचा, तिथं हमालाच्या डोक्यावर वळकटी देऊन पलीकडच्या छोट्या गाडीत बसायचा. मोठी गाडी उशिरा आली की छोटी निघून गेलेली. मग पुढची कधी, तर देवाला ठाऊक. त्यामुळे इथं उतारू पोचायचे ते अवेळी. रात्री दीडला पोचलेला फिरंगी किंवा मुंबईचा शेठ वेरूळला निघणार सकाळी. मधले पाच तास काढायला त्याला बिछाना हवा. हे हॉटेल त्या पाच तासांवर उभं राहिलं, असं माझं मत.

आणि आपण काय मागितलं? ब्रॉडगेज! १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात ती एक मोठी मागणी होती. माझे काका त्यात दोन दिवस आत जाऊन आले. नव्वदीत रुळ रुंद झाले, मुंबईच्या गाड्या थेट आल्या. आता माणूस रात्री मुंबईत बसतो, सकाळी इथं उतरतो, वेरूळ आणि बीबी का मकबरा उरकतो आणि रात्रीच्या गाडीनं परत. बिछाना गाडीतच. काका हयात असते तर सांगितलं असतं त्यांना, पिवळ्या हॉटेलचा पहिला खिळा तुम्ही ठोकला.

अवांतरानंद

म्हणजे रूळ रुंद झाले आणि हॉटेल अरुंद पडलं.

जालन्याची जाऊबाई

माझ्या लग्नात (१९७९) आमचं वऱ्हाड तिथं उतरवलं होतं. चार खोल्यांत चौदा माणसं, शिवाय कोपऱ्यात रुखवताच्या पेट्या. पहाटे चारला मागच्या अंगणात तांब्याचा बंब पेटवलेला, आणि बादल्या घेऊन सगळं वऱ्हाड रांगेत. आमच्या थोरल्या नणंदेच्या यजमानांनी 'खोलीला न्हाणीघर नाही' म्हणून तोंड फुगवलं, ते सप्तपदी झाली तरी फुगलेलंच. अजून लग्नाचा विषय निघाला की ते हॉटेलाचाच काढतात. 'जालना सोन्याचा पालना' म्हणणाऱ्या गावची माणसं आम्ही, रांगेत उभं राहायची सवय नव्हती हो.

जाता जाता, बंबाचं पाणी मात्र फुकट आणि कढत. आता खोलीत गिझर असतो आणि पाणी कोमट.

काउंटरमागचा

धागा बघून राहवलं नाही. माझे वडील त्या हॉटेलात मुनीम होते, १९६८ पासून एकतीस वर्षं. शाळा सुटली की मी काउंटरमागच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायचो, म्हणून हा आयडी.

रजिस्टर मोठं, लाल कापडी पुठ्ठ्याचं. नाव, राहणार, धंदा, कोठून आले, कोठे जाणार, सोबत किती माणसं. परदेशी पाहुणा आला की वेगळा 'सी फॉर्म' भरून चोवीस तासांत पोलिसांकडे द्यायचा. तो द्यायला मी सायकलवर जायचो. वडिलांचं इंग्रजी चौथीपर्यंतचं, पण फॉर्म कधी चुकला नाही. पासपोर्टवरचं नाव ते चित्र काढल्यासारखं काढायचे, अक्षर न अक्षर.

पुढे पुढे काउंटरवर त्यांनी एक फळा टांगला होता: 'सोमवार अजिंठा बंद, मंगळवार वेरूळ बंद'. खाली तेच इंग्रजीत, मोडकंतोडकं. सोमवारी सकाळी बॅगा घेऊन अजिंठ्याला निघालेली किती माणसं त्या फळ्यानं शंभर किलोमीटरचा हेलपाटा घालण्यापासून वाचवली असतील. मालकांच्या थोरल्या मुलानं 'दिसायला बरं नाही' म्हणून तो फळा काढला. आठवड्यात परत लावला.

उन्हाळ्यात गच्चीवर बाजा टाकायचे. संध्याकाळी पाचला गच्चीवर पाणी मारायचं, सातला बाजा, आठला गाद्या. खोलीच्या मानानं अगदी थोडे पैसे. फिरतीवरचे विक्रेते, बदलीवर आलेले गुरुजी, कोर्टाच्या तारखेला आलेले शेतकरी, सगळे एका ओळीत. वरून स्टेशनचा सिग्नल दिसायचा. गाडी यायची झाली की वडील खालून ओरडायचे, "पूर्णेवाले उठा!" (पूर्णा म्हणजे परभणीच्या पुढचं जंक्शन.)

बंद का पडलं ते मला माहीत आहे, पण लिहिणार नाही. मालकांचं मीठ खाल्लंय.

खडकीकर

@काउंटरमागचा, जबरदस्त. 'चित्र काढल्यासारखं' हे फार आवडलं. स्वतंत्र लेख येऊ द्या. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मिलिंदचा विद्यार्थी

सगळे हळवे झालेत, त्यात मी मिठाचा खडा टाकतोय, माफ करा. पण टाकणार.

माझे वडील १९६१ ला तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून मिलिंद महाविद्यालयात प्रवेश घ्यायला आले. बाबासाहेबांनी १९५० ला हे कॉलेज इथं काढलं म्हणून आमच्यासारख्यांच्या घरात पदवी आली, नाहीतर कुठलं काय. वडील रात्री उतरले. सतरा वर्षांचे, सोबत कुणी नाही. स्टेशनासमोर जे हॉटेल दिसलं तिथं गेले. पैसे होते, आजीनं शेळी विकून दिलेले. काउंटरवरच्यानं नाव विचारलं, मग आडनाव, मग गाव, मग गावात राहता कुठल्या बाजूला. मग म्हणाला, खोली शिल्लक नाही.

त्याच्या पाठीमागे फळीवर किल्ल्या लटकत होत्या. वडिलांनी उभ्या उभ्या मोजल्या. नऊ.

ती रात्र त्यांनी फलाटावर काढली. सकाळी चालत कॉलेजात गेले, आठवड्यानं वसतिगृहात जागा मिळाली. पुढे राज्यघटना शिकवताना सर कलम १५(२) वर आले: दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेशाला कुणालाही जातीवरून आडवता येत नाही. आणि १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा तर त्या रात्रीच्या सहा वर्षं आधीच झालेला. वडील सांगतात, तास चालू असताना मला त्या नऊ किल्ल्या दिसत होत्या.

हॉटेल हेच होतं की शेजारचं दुसरं, मी कधी विचारलं नाही. पण 'गावाचं वैभव' वगैरे कुणी लिहिण्याआधी हेही इथं असू द्या.

गुलमंडी नाका

आता इथंही जात आणली का? साध्या हॉटेलचा धागा आहे हो.

लातूरची लेक

@गुलमंडी नाका, त्यांनी आणली नाही, काउंटरवर विचारली गेली. नीट वाचा.

संपादक

वैयक्तिक शेरेबाजी टाळावी. दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

काउंटरमागचा

@मिलिंदचा विद्यार्थी, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला. आज लिहितोय.

वडील ६८ ला लागले, त्याआधीचं आम्हाला काय माहीत, असं म्हणून मला सुटता येईल. पण माळ्यावर जुनी रजिस्टरं होती, मी ती चाळलेली आहेत. सगळ्यात जुन्या तीन-चारांत 'धर्म व जात' असा छापील रकाना होता. पुढच्या रजिस्टरांत छपाई तीच, पण त्या रकान्यावर पानोपानी निळ्या शाईनं आडवी रेघ. त्यानंतरच्यांत रकानाच नाही. रेघ कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून सुरू झाली ते वडिलांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. फळी मात्र होती. काउंटरमागे, डोक्याच्या उंचीवर.

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. याउपर काय बोलू.

मिलिंदचा विद्यार्थी

सांगतो. रेघेचं लिहिलंत, बरं झालं.

लातूरची लेक

मला एक विचारायचंय. इथं वीसेक जण लिहितायत. यातल्या कितींनी त्या हॉटेलात *रात्र* काढली आहे? चहा-पुरीभाजी सोडून.

खडकीकर

नाही काढली. घर दीड किलोमीटरवर असताना कशाला काढू?

मीटरगेज

नाही.

जालन्याची जाऊबाई

सासरच्यांनी काढली, मी नाही. मी नवरी, मामांच्या घरी होते.

पैठणगेटचा पाहुणा

छे. आणि गावाबाहेरच्या नातेवाइकांनी काढली असती तर आईनं हाय खाल्ली असती. आमचे एक चुलते एकदा कामानिमित्त आले आणि 'तुम्हाला त्रास नको' म्हणून परस्पर हॉटेलात उतरले. ही बातमी आईला तिसऱ्या दिवशी कळली. पुढची सात वर्षं त्या घरी आमच्याकडून हळदी-कुंकवाचं बोलावणं गेलं नाही.

लातूरची लेक

तेच म्हणते मी. आपण सगळे व्हरांड्याकडे बघून गहिवरलोय, आणि आतली गादी मऊ होती का टणक, कुणालाच माहीत नाही. जे राहिले ते कुठल्या कुठे गेले, त्यांना हॉटेल बंद झाल्याचं कळणारही नाही.

आमच्या आईच्या मामांचं लातुरात छोटं लॉज होतं, म्हणून हे डोक्यात आलं. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती बसवलेले उठले होते, गाव दमून झोपलेलं, पहाटे चारला जमीन हलली. दुपारपासून बाहेरची माणसं यायला लागली. डॉक्टर, पत्रकार, ट्रक घेऊन आलेले स्वयंसेवक. मामांनी सगळ्या खोल्या दिल्या, पैसे घ्यायचे नाहीत म्हणून ठरवलं. पण धक्के चालूच होते, तेव्हा छताखाली झोपायला कुणी तयार होईना. सगळ्या गाद्या रस्त्यावर आणल्या. मामी, पाहुणे, रस्त्यावरचे हमाल, सगळे एका ओळीत. लॉज भरलेलं आणि आत कुणीही नाही, असं महिनाभर चाललं. मामा म्हणायचे, त्या महिन्यात मला माझ्या गिऱ्हाइकांची नावं पाठ झाली. एरवी फक्त खोली नंबर पाठ असायचा.

परभणीकर

मी राहिलोय! आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

१९८७. बारावीला नापास झालो. निकाल घेऊन घरी जायची हिंमत नव्हती, म्हणून पॅसेंजर पकडली आणि औरंगाबाद गाठलं. डोक्यात काय, तर वाळूजला बजाजची फॅक्टरी नवीन आहे, चिकटू कुठंतरी. खिशात सत्तावीस रुपये. गच्चीवरची बाज घेतली. रात्री दहाला काउंटरवरचा माणूस वर आला, काळ्या जाड फ्रेमचा चष्मा, माझ्या बाजेच्या पायथ्याशी बसला आणि म्हणाला, "किती विषय?" मी म्हणलो, "दोन." तो म्हणाला, "मग दोन विषयांसाठी एवढं लांब कशाला आलास, परभणीतच बसायचं होतं की." खाली नेऊन पिठलं-भाकरी घातली, पहाटे उठवून पूर्णेच्या गाडीत बसवलं. बाजेचे पैसे घेतले बरं का, पूर्ण घेतले.

ऑक्टोबरला दोन्ही विषय सुटले. बनी तो बनी, नहीं तो परभणी.

@काउंटरमागचा, ते तुमचे वडील का?

काउंटरमागचा

नाही हो. वडिलांना शेवटपर्यंत चष्मा लागला नाही. ते रात्रपाळीचे असणार, पैठणकडचे होते. त्यांची स्वतःची दोन पोरं दहावीला लटकली होती, म्हणून विषय विचारले असतील.

अवांतरानंद

आयुष्यात पहिल्यांदा या संस्थळावर माझे डोळे पाणावले आणि कारण काय, तर बारावी नापास परभणीकर. रुमाल द्या कुणीतरी.

लॉजवाला भाऊ

मी याच धंद्यात आहे, गाव सांगत नाही. बंद का पडलं याच्यावर सगळे कविता करायलेत, तर हिशोब सांगतो.

एक. चिकलठाणा एमआयडीसी, मग सिडको, मग वाळूज. कंपनीच्या खर्चानं येणारा माणूस जालना रोडवर उतरायला लागला, स्टेशनकडे फिरकेना.

दोन. पार्किंग. आता फॅमिली कारनं येते. स्टेशनासमोर गाडी लावायला जागा नाही म्हणलं की फोन ठेवतात.

पाण्याचं तर विचारूच नका. जायकवाडी उशाला असून शहराच्या नळाला आठवडा-आठवडा पाणी येत नाही. बावीस खोल्यांना टँकर लावून बघा म्हणजे कळेल. अटॅच बाथरूम करायची तर जुन्या चुन्याच्या भिंतीत पाइप घालायचे, ओल धरली की मजला बसतो.

आणि कर. हजाराच्या आतली खोली जीएसटीतून सुटलेली होती. १८ जुलै २०२२ पासून त्यावरही १२ टक्के लागले. सप्टेंबर २०२५ ला पाचवर आणले, पण मधली तीन वर्षं ज्याची गेली त्याची गेली. त्याच्या आधी दोन वर्षं लॉकडाऊन. मोबाइलवर खोलीचा फोटो बघून बुकिंग करणारं गिऱ्हाईक जुन्या शहाबादी फरशीला 'घाण' म्हणतं, आणि त्यावर चिकटवलेल्या चकचकीत टाइल्सला 'नीट अँड क्लीन'.

एवढं सगळं असूनही चालवता येतं. मी चालवतोय. चालत नाही ते नऊ वारस आणि एक गल्ला.

नांदेडी

+१. आमच्याकडे २००८ ला गुरु-ता-गद्दीचा (शिखांच्या ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याचा) त्रिशताब्दी सोहळा झाला, त्याच्या आधी रस्ते रुंद केले. काकांच्या लॉजचा पुढचा व्हरांडा रस्त्यात गेला. त्याच महिन्यात लाखो यात्रेकरू आले आणि उरलेल्या अर्ध्या लॉजनं आख्ख्या लॉजपेक्षा जास्त धंदा केला. काका म्हणायचे, उरलेलंही अर्धं पाडा. पुढच्या वर्षी मात्र माशा मारायले होते.

नाणेवेडा

मूळ प्रश्नाकडे कुणी येणार आहे का? धागाकर्त्यानं साल विचारलं होतं. आत जुना दरफलक, पावती, काहीही असेल तर बघा. पावतीवर पैसे कसे लिहिलेत त्यावरून साल काढता येतं.

पैठणगेटचा पाहुणा

@नाणेवेडा, तुमचं वाचून आज परत गेलो आणि घबाड लागलंय.

चहाच्या दुकानातली लाकडी फळी काढली तर तिच्यामागे भिंतीला स्क्रूनं मारलेली पत्र्याची पाटी निघाली. पांढरं इनॅमल, निळी अक्षरं, वर उर्दू, खाली मराठी. कोपरे गंजलेत पण वाचता येतं. जसंच्या तसं देतो:

एक असामी खोली: कलदार ३-०-०, हाली ३-८-०
दोन असामी खोली: कलदार ४-८-०, हाली ५-४-०
गच्ची, बाजेसह: कलदार ०-१२-०, हाली ०-१४-०

भंगारवाला पाचशे मागतोय. मी म्हणलं हालीत देऊ का. त्याला कळलं नाही.

नाणेवेडा

घ्या!! पाचशेच काय, हजार मागितले तरी घ्या!

नव्या पोरांसाठी सांगतो. पाटीवरचे आकडे रुपये-आणे-पै असे वाचायचे; रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. निजामाच्या राज्याचं स्वतःचं चलन होतं, हाली सिक्का. इंग्रजी अमलातला रुपया तो कलदार. भाव सात हालीला सहा कलदार. शंभर कलदार मोडले की एकशे सोळा हाली, दहा आणे, आठ पै. माझ्या आजोबांना हे आकडे झोपेतही यायचे, व्यापारी होते. आता पाटी ताडून बघा. तीन कलदारचे साडेतीन हाली, बरोबर. साडेचारचे सव्वापाच, बरोबर. बारा आण्यांचे चौदा आणे, बरोबर. ज्यानं दर लावले त्यानं कलदार आधी ठरवला आणि हाली त्यावरून काढला, कारण उलट केलं असतं तर हालीचे आकडे गोल आले असते. म्हणजे कलदार पुढचा आणि हाली मागचा, अशा काळातली पाटी.

पोलीस ॲक्शन, म्हणजे निजामाचं राज्य भारतात आलं ती कारवाई, सप्टेंबर १९४८. १९५० ला भारतीय रुपया हालीच्या जोडीनं आला, ५१ ला नवे हाली काढणं थांबलं, पूर्ण बाद झाला तो १९५९ ला. आणि १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आणे गेले. १९५८ ला नवं हॉटेल काढणारा माणूस आण्यांत आणि वर हालीत नवी कोरी पाटी रंगवून घेईल? माझ्या मते हॉटेल ५० ते ५५ च्या मधलं. वडील बरोबर होते तुमचे.

मीटरगेज

मान्य, पण एक शंका. आमची आजी ऐंशी सालीसुद्धा 'बारा आणे दे' म्हणायची.

नाणेवेडा

म्हणायची, पण पाटी रंगवून घ्यायची नाही. आणि हालीत तर नाहीच.

गुलमंडी नाका

पाटी आधीच्या कुणाच्या धंद्याची असेल, इमारत नंतर यांनी घेतली असेल. तसंही असू शकतं की.

काउंटरमागचा

आता एवढं आलंच आहे तर सांगतो. गुलमंडी नाका अर्धे बरोबर आहेत.

वडील सांगायचे की सुरुवातीला तीन भागीदार होते. पैकी एक हैदराबादचे, उर्दूत हिशोब लिहायचे, वरच्या ओळीतली उर्दू त्यांचीच असणार. पुढे भाषावार प्रांत झाले, आपण मुंबई राज्यात आलो, आणि त्यांनी हिस्सा काढून घेतला. राहिलेल्या दोघांनी नवं भागीदारीपत्र केलं आणि नवी पाटी रंगवली. त्या कागदावरचं साल पाटीवर गेलं. मला वाटतं ते १९५८ तिथून आलं असावं.

वडील हे हसून सांगायचे. पहिली वाटणी झाली ते साल आम्ही 'स्थापना' म्हणून रंगवलं, असं.

लॉजवाला भाऊ

आणि शेवटच्या वाटणीला पाटी उतरवली. मी म्हणलो नव्हतो?

खडकीकर

काउंटरमागचा, तुम्ही 'लिहिणार नाही' म्हणता म्हणता सगळं लिहिलंत. :)

पैठणगेटचा पाहुणा

पाटी साडेतीनशेला घेतली. आता दिवाणखान्यात आहे. बायको म्हणते, पाहुण्यांना वाटेल आपण भाडं घेतो.

मिलिंदचा विद्यार्थी

एक विचारू? आत गेलातच आहात तर, ती किल्ल्यांची फळी अजून आहे का?

पैठणगेटचा पाहुणा

फळी आहे. काउंटर गेलाय, पण फळी भिंतीवर तशीच. किल्ल्या नाहीत, नुसते खिळे, बावीस. उद्या फोटो काढून टाकतो.

पैठणगेटचा पाहुणा

फोटो टाकलाय. उजेड कमी होता, सांभाळून घ्या.

मिलिंदचा विद्यार्थी

बाबांना दाखवला. ऐंशी उलटलेत, पण फोन हातात घेऊन बोटांनी मोठा केला आणि एकेक खिळा मोजला. हॉटेल हेच, म्हणाले. आणि म्हणाले, तुझा मित्र चुकलाय, बावीस नाहीत, तेवीस आहेत.

पैठणगेटचा पाहुणा

परत मोजले. तेवीसच आहेत. पण खोल्या तर बावीस होत्या ना?

काउंटरमागचा

तेविसावा गच्चीच्या दाराचा.